सिस्टर आमच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत

परभणीहून एका ताईंनी लांबलचक प्रश्न पाठवलाय. त्याचा सारांश आधी देते. सासूबाईंना गालाचा कॅन्सर आहे, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. गालाला बाहेरून भोक पडलंय. आठवड्यातून तीनदा एक ख्रिस्ती सिस्टर घरी येतात, जखम धुतात, ड्रेसिंग करतात, काम करताना हळू आवाजात काहीतरी गुणगुणतात आणि निघून जातात. पैसे नाहीत, चहा नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. ताई विचारतात: यांना किळस कशी येत नाही? ख्रिस्ती लोक दुःखाला देवाची देणगी मानतात हे खरं का? त्यांच्या मिस्टरांना वाटतं की हे सगळं शेवटी धर्मांतरावर येऊन थांबणार. तसं असतं का? आणि शेवटची ओळ, जिच्यासाठी मी लिहायला बसले: "मी सून असून मला चार महिन्यांत वीट आला. रात्री त्यांच्यावर ओरडते आणि मग मोरीत जाऊन रडते. सिस्टरांसारखी निःस्वार्थ सेवा मला का जमत नाही?"

मी जालन्याकडची. ३५ वर्षं नर्सिंग केलं. त्यातली निम्मी मिशन दवाखान्यात आणि उरलेली घरोघरी फिरून, ज्यांना डॉक्टरांनी "आता घरी न्या" सांगितलेलं असतं अशा माणसांकडे. जन्मानं ख्रिस्ती, प्रोटेस्टंट. पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही, धर्मशास्त्र शिकलेले नाही. बायबल वाचते, पण बरीचशी वचनं मला पलंगाशेजारी बसूनच कळलीत, आणि काही तर तिथंच खोटी वाटायला लागली. त्यामुळे चर्चमध्ये मिळेल तसं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही.

किळसेचं आधी. किळस येते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्याच्या पायातल्या अळ्या बघून मी वॉर्डामागं जाऊन ओकले होते. मेट्रनबाईंनी चूळ भरायला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "ओकलीस ना? झालं. आता टर्पेंटाइनची बाटली घे अन् चल." किळस जात नाही, तिच्यासकट काम करायची सवय होते, एवढंच. तुमच्या सिस्टर जखमेवर जी पांढरी पूड टाकतात ती बहुतेक मेट्रोनिडाझोलच्या गोळीची असेल. हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंमुळे तो वास सुटतो आणि हे औषध नेमकं त्यांनाच मारतं. जुनी पट्टी त्या ओढून काढत नसतील. मिठाच्या कोमट पाण्यानं भिजवून ती आपणहून सुटेपर्यंत थांबत असतील, कारण ओढली की रक्त येतं आणि माणूस कळवळतं. मास्कच्या आत थोडं व्हिक्स लावलेलं असेल. राहिलं ते गुणगुणणं. त्यांची ती प्रार्थना असेलही. माझं मात्र श्वासासाठी असायचं. गुणगुणताना श्वास सारखा बाहेर जात राहतो आणि उमासा येत नाही. भजनाच्या चालीवर गुणगुणते म्हणून नातेवाइकांना मी फार भाविक वाटायचे. मीही कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

आता "माणूस कळवळतं" असं मी सहज लिहून गेले. आमच्या मराठी बायबलात येशूला कुणाचं दुःख दिसलं की जागोजागी हाच शब्द येतो: त्याला कळवळा आला. मूळ ग्रीक शब्दाचा संबंध आतड्यांशी आहे, असं एकदा एका पाळकसाहेबांनी अभ्यासवर्गात सांगितलं, आणि सगळ्या बायका हसल्या. त्यांना वाटलं काहीतरी चुकलं. मी म्हटलं, चुकलं कुठं? आपण नाही का म्हणत, लेकरासाठी माझं आतडं तुटतं? दया वरून खाली केली जाते, कळवळा पोटात होतो. ख्रिस्ती माणसाच्या सेवेची सुरुवात कुठून होते असं विचाराल तर मी या आतड्यापासून सांगेन. पुण्य, मोक्ष, स्वर्गातलं बक्षीस या गोष्टी त्याच्या नंतरच्या.

लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या एका चरित्रात, दहाव्या अध्यायात ती चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला वाटेत लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलाय. एक याजक येतो, बघतो, दुसऱ्या बाजूनं निघून जातो. एक लेवी, म्हणजे मंदिरात सेवा करणारा, येतो, तोही तसाच. मग एक शोमरोनी येतो, त्याला कळवळा येतो. मी शिकाऊ मुलींना ही गोष्ट केसपेपरसारखी शिकवायचे. जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, म्हणजे ड्रेसिंग. पट्टी बांधली. स्वतःच्या जनावरावर बसवून नेलं, म्हणजे अँब्युलन्स. उतारशाळेत ठेवलं, रात्रभर बघितलं. सकाळी मालकाला दोन दिनार दिले, ते डिपॉझिट. "जास्त लागलं तर परत येताना देईन", म्हणजे पुढचं बिलसुद्धा याच्याच नावावर. या सगळ्यात तो एक शब्द उपदेशाचा बोलत नाही. जखमीला "रात्री या वाटेनं एकटा कशाला निघालास?" असंही विचारत नाही. हा प्रश्न मी आमच्या कॅज्युअल्टीत हजार वेळा ऐकलाय.

पण या गोष्टीतलं खरं मर्म आमच्या चर्चमध्येही बऱ्याचदा गिळून टाकतात. शोमरोनी म्हणजे "परका" असं सांगतात. नुसता परका असता तर ऐकणाऱ्या यहुद्यांना एवढं लागलं नसतं. त्यांच्या लेखी शोमरोनी हे बाटलेले, विटाळाचे लोक. योहानाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात येशू विहिरीवर एका शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागतो, तर ती चकितच होते: तुम्ही यहुदी असून माझ्याकडे पाणी कसं मागता? मराठवाड्यातल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. विहीर, पाणी आणि कोण कुणाच्या हातचं घेतो, यावर आमच्या गावांचे नकाशे आखलेले आहेत.

यापुढं मला जे म्हणायचंय ते जरा अडचणीचं आहे. माझे पणजोबा मांगवाड्यातले. दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या, बोलावणं आलं की वाजवायला जायचं, आणि बदल्यात जे पुढ्यात टाकतील ते घ्यायचं. जालन्याजवळ बेथेल म्हणून गाव आहे. नारायण शेषाद्री यांनी ते वसवलं. शेषाद्री जन्मानं ब्राह्मण, १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढं स्कॉटिश मिशनचं काम करायला ते जालन्यात आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी नव्या ख्रिस्ती कुटुंबांना तिथं बसवलं. आमचं घराणं तिथून पुढं आलेलं. म्हणजे "सेवा" हा शब्द आमच्या कानावर येण्याआधी पिढ्यान्पिढ्या "वेठ" होती. सेवा आणि वेठ दोन्हींत राबावं लागतं, दोन्हींत दुसऱ्याची घाण काढावी लागते. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. दवाखान्यात एका पेशंटच्या मुलानं मला बेडपॅन उचलताना बघून म्हटलं होतं, "तुमच्या लोकांना हे जमतं बुवा." कौतुकच होतं ते त्याच्या मते.

म्हणून मला येशूनं शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग सगळ्यात जवळचा वाटतो. आपल्याकडे गुरूचे पाय शिष्य धुतो. त्या काळी यहुद्यांकडे पाहुण्यांचे धुळीनं भरलेले पाय धुणं हे गुलामाचं काम. आणि शेवटच्या जेवणाच्या रात्री गुरूच कमरेला रुमाल बांधून, गंगाळ घेऊन खाली बसतो. पेत्र नावाचा शिष्य अडवतो: माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. त्याला लाज वाटते, कारण हे काम ज्यांच्यावर लादलं जातं त्यांच्या रांगेत गुरू जाऊन बसलाय. योहान तिथं मुद्दाम लिहितो की पित्यानं सगळं आपल्या हाती दिलंय हे येशूला ठाऊक होतं, आणि मग तो उठला. ज्याच्या हातात सगळं आहे तो आपणहून वाकला तर ती सेवा. ज्याला मान वर करायची मुभाच नाही त्याचं वाकणं वेठ. काही चर्चमध्ये पवित्र गुरुवारी पाळकसाहेब १२ जणांचे पाय धुतात. छान वाटतं बघायला. फक्त ते १२ जण घरून पाय घासूनपुसून आलेले असतात, हे मी दरवर्षी बघते.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण, सुनेची सेवासुद्धा या दोहोंपैकी कुठली, हे तुमचं तुम्हीच बघायचंय. घरात दोन मुलगे, एक मुलगी, आणि रात्रीचं उठणं फक्त सुनेच्या वाट्याला असेल, तर तुमचा वीट हा प्रेमाचा अभाव म्हणून मोजू नका.

दुःख ही देवाची देणगी का? असं म्हणणारे ख्रिस्ती लोक आहेत. तुम्ही ऐकलंय ते खोटं नाही. पण शुभवर्तमानं उघडून बघा, येशूनं एकाही आजाऱ्याला "सोस, तुझ्या भल्याचं आहे" असं सांगितलेलं नाही. जन्मांध माणूस समोर आला तेव्हा शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? आपल्याकडे कोणत्या जन्मीचं भोगतोय असं विचारतात, तसंच. येशू म्हणाला, याचंही नाही, आईबापाचंही नाही. मग थुंकीनं चिखल करून त्या माणसाच्या डोळ्यांना लावला. स्वतःवर वेळ आली तेव्हा गेथशेमाने बागेत त्यानं चक्क हा प्याला टळू दे म्हणून प्रार्थना केली, आणि वधस्तंभावर, म्हणजे क्रुसावर, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" म्हणून ओरडला. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर उपदेश होतात. हा चौथा उद्गार ज्याच्या वाट्याला येतो तो वक्ता पटकन तिसऱ्या दिवशीच्या पुनरुत्थानाकडे पळतो. मला वाटतं, तिथं जरा थांबावं.

कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात इथं थोडा सूर वेगळा आहे. आपलं दुखणं ख्रिस्ताच्या दुःखाला जोडून अर्पण करता येतं, असं कॅथॉलिक परंपरा शिकवते. आमच्या वॉर्डात एक कॅथॉलिक आजी जपमाळेचा एकेक मणी एकेका नातवाच्या नावानं सरकवत कण्हायच्या. त्या आजींना त्याचा खरोखर आधार होता. १९८४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी दुःखाच्या अर्थावर एक पत्रच काढलं. त्यातही शेवट येतो तो याच शोमरोन्यापाशी. दुखणाऱ्यानं स्वतःच्या दुःखात अर्थ शोधला तर तो त्याचा हक्क. शेजारी उभ्या राहिलेल्या धडधाकट माणसानं तो त्याच्या गळ्यात बांधू नये.

एकाच श्रद्धेतून दोन वाटा कशा फुटतात बघा. मदर तेरेसांनी रस्त्यावर मरणाऱ्यांना छप्पर दिलं, हात दिला. १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण १९९४ मध्ये "लॅन्सेट" या वैद्यकीय साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांच्या कोलकात्याच्या घराबद्दल लिहिलं, की तिथं प्रेम आहे, पण तीव्र वेदनेवर नीट औषध नाही. ती टीका मला पटते. नर्स म्हणून पटते. दुसरीकडे लंडनच्या सिसली साँडर्स. त्याही श्रद्धावान ख्रिस्ती. आधी नर्स, मग समाजसेविका, आणि मग वेदनेवर नीट काम करता यावं म्हणून वयाच्या तिशीत शिकून डॉक्टर. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटांचं सेवाघर, सुरू केलं. दुखायला लागल्यावर औषध देत बसू नका, दुखणं परत डोकं वर काढायच्या आत घड्याळ बघून ठरलेल्या वेळी मॉर्फिन द्या, हे त्यांनी जगाला पटवलं. वेदना शरीराची, मनाची, घरादाराची आणि आत्म्याची मिळून एक असते, हेही त्यांचंच सांगणं. माझ्या दृष्टीनं कळवळ्याचं हे जास्त शहाणं रूप.

वेदनेला देणगी म्हणणारे एक डॉक्टर मात्र मला मान्य आहेत. वेल्लोरचे पॉल ब्रँड. कुष्ठरोग्यांची बोटं झडतात ती रोगानं कुजून नव्हे, तर बधिर हाताला चटका, काच, उंदराचा चावा काहीच कळत नाही म्हणून, हे त्यांनी दाखवून दिलं आणि आखडलेल्या हातांवर स्नायूंच्या दोरांची (टेंडनची) ऑपरेशनं केली. ते म्हणायचे वेदना वरदान आहे, म्हणजे धोक्याची घंटा म्हणून. घंटा वाजली, आपण धावत आलो, आता ती बंद करायला हवी. सासूबाईंची घंटा चार महिने वाजतेय.

म्हणून विचारते, त्यांना मॉर्फिन चालू आहे का? १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे आपल्याकडे हे औषध वर्षानुवर्षं मिळणं फार अवघड होतं. २०१४ मध्ये कायदा बदलला, तरी आपल्या भागात अजून शोधाशोध करावी लागते. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात चौकशी करा. व्यसन लागेल म्हणून घरचे नको म्हणतील. या अवस्थेत डॉक्टरांनी मोजून दिलेल्या मॉर्फिनच्या व्यसनाची काळजी करत बसू नये. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, त्यामुळे पोट साफ होण्याची गोळी पहिल्या दिवसापासून मागून घ्या. रात्री तुम्ही ओरडता ती वेळ आणि त्यांच्या दुखण्याची वेळ एकच आहे का, हेही चार दिवस वहीत लिहून बघा.

माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक ख्रिस्ती बाई दवाखान्यात यायची. डोळ्याखाली काळं, पाठीवर वळ. मी तिला तेच सांगितलं जे मी चर्चमध्ये ऐकत आले होते: "बाई, प्रत्येकाचा आपापला वधस्तंभ असतो. प्रभू सोसायला बळ देईल." ती काही बोलली नाही. पुढच्या वेळी आली ती मनगट मोडून. त्या रात्री मी लूकचा नववा अध्याय परत काढला. "आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे या" हे येशू सांगतो ते त्याच्या वाटेनं गेल्याबद्दल अंगावर येणाऱ्या किमतीविषयी. दारुड्या नवऱ्याच्या लाथेला वधस्तंभ म्हणणं ही त्या शब्दाची विटंबना आहे. मी तिला पोलिसांकडे जाऊ म्हटलं, तर आमच्याच मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांना ते रुचलं नाही. ती माहेरी गेली, एवढं कळलं. सोसणं हा सद्गुण आहे असं सांगणाऱ्याचं स्वतःचं कुठं दुखतंय का, हे मी तेव्हापासून आधी बघते.

मग कुणी दुःखात असताना ख्रिस्ती माणसानं करायचं काय? बायबलात ईयोबाचं पुस्तक आहे. सगळं गेलेला ईयोब राखेत बसलाय. त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसतात, एक शब्द न बोलता. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. आठव्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं, तुझं काहीतरी चुकलं असेल म्हणून समजावू लागले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. देवाशी भांडणाऱ्या ईयोबाला मात्र म्हणतो, हा माझ्याविषयी नीट बोलला.

मला हे किल्लारीला कळलं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं झोपली आणि पहाटे चारच्या सुमाराला माळवदाची घरं त्यांच्यावर बसली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमचं पथक दोन दिवसांनी पोचलं. पाऊस लागलेला, चिता भिजत होत्या. माझ्याकडे औषधांची पेटी आणि ब्लँकेटं. एका ढिगाऱ्याशेजारी एक म्हातारी बसली होती. ब्लँकेट दिलं, घेतलं नाही. बिस्किटं दिली, बाजूला ठेवली. म्हणाली, "माय, माझी चूल कुठं होती गं?" मला काही सुचेना. मी पेटी खाली ठेवली आणि तिच्यासोबत दगड बाजूला करायला लागले. दारचा उंबरा सापडला, त्यावरून तिनं अंदाज घेतला, इतकी पावलं आत, मग डावीकडं. तासाभरानं राख लागली हाताला. ती तिथं बसली, आणि मग रडली. तोवर रडलीच नव्हती म्हणे. माझ्या पेटीतलं काहीही त्या दिवशी तिच्यासाठी उघडलं नाही. संध्याकाळी आमच्या पथकातले एकजण तिथल्या माणसांना शेवटच्या काळातल्या भूकंपांबद्दल बायबल काय म्हणतं ते सांगायला निघाले होते. ड्रायव्हरनं त्यांना जीपमध्ये बसवलं. ड्रायव्हर मुसलमान होता, त्या दिवशी आमच्यात सगळ्यात ख्रिस्ती तोच.

हे धर्मांतराच्या शंकेला लागूनच आहे. तुमच्या मिस्टरांची शंका मी उडवून लावणार नाही. दुष्काळात मिशनच्या दारात गेलेली माणसं ख्रिस्ती झाली, हा इतिहास आहे. माझंच घराणं त्या ओघातलं असेल, आणि "पोटासाठी बाटले" हे शाळेत ऐकून घेतलंय. पोट आणि मान दोन्ही जिथं मिळालं तिकडं माणूस गेला, यात मला शरम वाटत नाही. पण मरणाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या नाइलाजाचा फायदा घेणं मला चोरी वाटते, आणि तसं करणारे मी पाहिलेत. पुसून टाकता येणार नाही. येशूनं तर सांगितलंय, दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. सेवा करणाऱ्याच्या डाव्या हातात धर्मप्रचाराचं पत्रक दिसलं की मला ते वचन आठवतं.

याच्या उलट उदाहरण बीडच्या वेशीवरचं. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघं ख्रिस्ती, वेल्लोरला शिकलेले. १९७० मध्ये जामखेडला आले आणि गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यांत कितीतरी दलित. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. मला त्यांची एकच गोष्ट पुरते. गावोगाव कूपनलिका घेताना त्यांनी बऱ्याच ठिकाणी हातपंप दलित वस्तीत येतील असं बघितलं, म्हणजे पाण्याला सगळ्या गावानं तिकडं जायचं. विहिरीवरचा योहानाचा चौथा अध्याय असाही वाचता येतो. आणि करुणा काही आमच्या मालकीची नाही. रामेश्वराला नेत असलेलं काशीचं गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ महाराज पैठणचेच, आमच्या शेजारचे. सिस्टर घरात प्रार्थना करतात का, तुम्ही न विचारता धर्माबद्दल काही बोलतात का, एवढं बघा. बोलत नसतील तर मिस्टरांना सांगा, शंका ठेवा पण ड्रेसिंगच्या वेळी जरा टॉर्च धरा.

आता तुमचं. सिस्टर आठवड्यातून तीनदा येतात, पाऊण तास थांबतात, घरी जाऊन अंघोळ करून झोपतात. तुमची ड्यूटी चोवीस तासांची, बदली नाही, सुट्टी नाही. त्यांच्याशी तुलना करताना आधी हा हिशेब घाला. मला पगार होता, रजा होती, शाबासकी होती. मी निःस्वार्थ होते असं छातीठोक सांगता येणार नाही मला. बायबलातली आज्ञासुद्धा "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" अशी आहे. स्वतःला पुसून टाक असं तिथं लिहिलेलं नाही. शिष्य दमले, जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा येशू त्यांना म्हणाला, एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या. आणि त्या शोमरोन्याकडे परत बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघून गेला! जखमीला उतारशाळेच्या मालकाकडे सोपवलं, पैसे दिले आणि आपल्या कामाला लागला. त्याला कुणी कमी चांगला म्हटलं नाही. तुमच्या घरात उतारशाळेचा मालक कोण होऊ शकतो? नणंद महिन्यातून आठ दिवस? दीर रात्रीचे दोन ते सहा? मागून बघा, रागावून नको, वही समोर ठेवून, कोण किती तास करतंय ते लिहून. ओरडलात तर सकाळी सासूबाईंना "रात्री चुकलं माझं" म्हणा. त्यांना बोलता येत नसेल तरी ऐकू येतंय.

राहिलं पाणी. तुम्ही ते निःस्वार्थपणात मोजलंत. असेलही, पेशंटच्या घरी काही घ्यायचं नाही असं आम्हाला शिकवलेलंच असतं. पण मी का घेत नसे ते सांगते. एका घरात मी वर्षभर ड्रेसिंगला जायचे. चहा यायचा तो नेहमी एका टवका गेलेल्या कपात. बाकीचे कप स्टीलच्या मांडणीत, हा एकटा खिडकीत पालथा. एकदा निघताना मागं वळून बघितलं, तर घरची बाई त्या कपावर वरून पाणी ओतत होती, हात न लावता. तिच्या आईची जखम मी त्याच हातांनी धुवून उठले होते. तेव्हापासून कुठल्याच घरात मी पाणी घेतलं नाही. विचारलं की "तहान नाही" म्हणायचे, मे महिन्यात सुद्धा.

तुमच्या सिस्टरांचं कारण वेगळं असू शकतं. पुढच्या वेळी त्या आल्या की तुम्ही रोज ज्या कपातून पिता त्यातच चहा द्या, आणि तुमचाही घेऊन शेजारी बसा. पहिल्यांदा नाही म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा.